सुरतेचे पूर्वद्वार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे उभे आयुष्य सुरतेतील मराठी मुलांना शिकविण्यात गेले. आणि त्यांच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप ज्या गाडीने या शहरात आले त्या गाडीविषयी चार शब्द बोलण्यापेक्षा त्यांच्या स्मृतीस अधिक उचित असे काही मला सुचले नाही. विषयपत्रिकेत 'सुरतेचे रेल्वे-स्थानक' एवढेच छापले आहे. त्या स्थानकाचा इतिहास मी सांगणारच आहे. परंतु माझा कल कोणीकडे आहे हे आरंभीच उघड केलेले बरे. या स्थानकाची थोरवी सांगताना लोक मुंबईच्या वाटेविषयी, मेलगाड्यांविषयी आणि फ्लाइंग राणीविषयी बोलतात. मला मात्र उधन्यापाशी पूर्वेकडे वळणाऱ्या, बारडोली-नवापूर-नंदुरबारवरून जळगावास जाणाऱ्या वाटेविषयी आणि त्या वाटेवरच्या पासिंजर गाडीविषयी बोलावयाचे आहे, कारण आज या सभागृहात बसलेली सुरत त्या गाडीने वसविली आहे.

प्रथम स्थानकाची जन्मकथा. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु सुरतेचे रूळ मुंबईकडून आले नाहीत ही गोष्ट मोठ्यांच्याही ध्यानात नसते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने 1855 साली ईस्ट इंडिया कंपनीशी जो करार केला तो सुरतेहून बडोदे आणि अहमदाबाद या दिशेचा होता. गुजरातचा कापूस समुद्रकाठी आणणे हा तिचा पहिला हेतू, आणि सुरत व मुंबई यांच्यामध्ये खाड्यांची आणि नद्यांची जी रांग आडवी पडली आहे ती ओलांडण्याचे काम खर्चाचे व कष्टाचे, म्हणून कंपनीने आपले दफ्तर आरंभी सुरतेतच थाटले. 10 फेब्रुवारी 1860 रोजी पहिली गाडी धावली ती तापीच्या पलीकडच्या काठावरील उत्राणहून अंकलेश्वरपर्यंत, म्हणजे 29 मैल. तापीवर पूल झाला, त्याच वर्षी सुरतेचे स्थानक उभे राहिले, 1861 साली बडोदे आणि 1863 साली अहमदाबाद गाठले गेले, आणि मग कुठे, 28 नोव्हेंबर 1864 रोजी, सुरत ग्रँट रोडशी जोडली गेली. ओतीव लोखंडाचे खांब नदीच्या गाळात स्क्रूप्रमाणे पिळून उतरवायचे आणि त्यांवर एकाच मापाचे लोखंडी गाळे टाकीत जायचे, ही कर्नल केनेडी यांची युक्ती नसती तर ही वाट आणखी लांबली असती.

या घटनेची एक बाजू मला नेहमी विषण्ण करते. ज्या बंदरावर 1613 साली इंग्रजांची वखार पडली, जेथून हाजी मक्केस जहाजाने जात, ज्या शहराची श्रीमंती शिवछत्रपतींना 1664 आणि 1670 अशी दोनदा येथवर घेऊन आली, ते बंदर गाळाने आणि मुंबईच्या उत्कर्षाने आधीच खंगले होते. रूळ मुंबईस भिडले आणि त्याचे उरलेसुरले कामही गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव आकाशास भिडले होते, आणि तो सर्व कापूस सुरतेच्या धक्क्यावर न थांबता सुरतेच्या फलाटावरून सरळ पुढे जाऊ लागला. स्थानक आले आणि बंदर मिटले. नंतरची तीन-चार दशके सुरत हे वाटेवरचे एक गाव होऊन राहिले.

या शहराला पुन्हा स्वतःचा मुलूख मिळाला तो पूर्वेकडून, आणि येथून माझ्या आवडीच्या भागास प्रारंभ होतो.

सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारी जी जुनी काफिल्यांची वाट होती ती मोगल अमदानीत हिंदुस्थानातील प्रमुख राजमार्गांपैकी एक होती. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा जहांगिराच्या दरबारी जाण्यासाठी याच वाटेने निघाला; पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही हिचे मुक्काम नोंदवून ठेवले आहेत. बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडे, रावेर, बुऱ्हाणपूर. नवापुराविषयी तो लिहितो की येथे पिकणाऱ्या बारीक तांदळास कस्तुरीचा वास येतो. आता ही नावे आपल्या पासिंजर गाडीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावीत. उधना, चलथाण, बारडोली, मढी, व्यारा, सोनगड, नवापूर, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर, धरणगाव, पाळधी, जळगाव. शिंदखेड्यापर्यंत लोखंडी वाट बैलांच्या वाटेच्या पावलावर पाऊल टाकून चालली आहे, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. सह्याद्रीची भिंत उत्तरेकडे येता येता जेथे खचते आणि तापी तिला वळसा घालून समुद्राकडे येते, तेथे बोरघाटासारखा घाट चढावा लागत नाही. ही खिंड उंटांना, बैलांना आणि लष्कराला ठाऊक होती; इंजिनिअरांनी ती नव्याने शोधली नाही, मान्य केली.

ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाची निराळी कंपनी त्यासाठी स्थापन झाली. किलिक निक्सन ही मुंबईची पेढी तिची व्यवस्था पाहत असे, गाड्या मात्र बी. बी. सी. आय. च्या धावत. 1899 आणि 1900 या दोन सालांत सुरतेपासून अमळनेरापर्यंतचा मार्ग खुला झाला आणि तेथून जळगावास जी. आय. पी. रेल्वेशी सांधा जुळला. या एका सांध्याने सुरतेच्या पाठीमागे खानदेश आणि वऱ्हाड उभे राहिले. वाटेत सोनगडचा किल्ला दिसतो. 1719 च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी तो घेतला आणि बडोदे हाती येण्याच्या आधी गायकवाडांची राजधानी तेथेच होती. व्यारा आणि सोनगड हे तालुके पुढे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत, आणि तेथील कचेऱ्यांत मराठी कारकुनांची हजेरी असे. तेव्हा सुरतेत मराठी माणूस परवा आला असे कोणी म्हणत असेल तर त्यास सोनगडच्या बुरुजाकडे बोट दाखवावे.

1907 च्या डिसेंबरात नागपूरला व्हावयाचे काँग्रेसचे अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले, तेव्हा या वाटेस अवघी सातएक वर्षे झाली होती. त्या अधिवेशनात काय झाले हे मी येथे सांगत नाही. लोकमान्य व्यासपीठावर उभे राहिले, दक्षिणी जोडा भिरकावला गेला आणि राष्ट्रीय सभेची दोन शकले झाली, हे सर्वविश्रुत आहे. 1928 साली बारडोलीच्या रयतेने वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सारावाढीविरुद्ध जो लढा दिला, त्याचे नावही प्रथम या मार्गावरील एका लहान स्थानकाच्या पाटीवर लिहिलेले होते. 1936 च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला ग्रामीण काँग्रेस भरली, अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तिच्यासाठी रात्रंदिवस कष्ट केले, आणि 1938 च्या फेब्रुवारीत त्याच तापीच्या खालच्या अंगास, बारडोलीजवळ हरिपुऱ्यास, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. एका खोऱ्याच्या दोन टोकांस सव्वा वर्षाच्या आत दोन अधिवेशने! 1942 साली सरकारने ताप्ती व्हॅली रेल्वे ही कंपनी विकत घेतली आणि 5 नोव्हेंबर 1951 रोजी पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली, तेव्हा जुन्या कंपन्यांची नावे डब्यांवरून पुसली गेली.

माझ्या लहानपणी ही वाट एकेरी होती, आणि एकेरी वाटेवरची पासिंजर कशी चालते हे ज्याने पाहिले नाही त्यास सांगितल्यावाचून राहवत नाही. समोरून येणाऱ्या गाडीस वाट देण्यासाठी आमची गाडी कुठल्याशा लहान स्थानकावर बाजूच्या रुळावर उभी राहत असे. स्टेशन मास्तरांच्या खोलीत एक लाल रंगाचे लोखंडी यंत्र असे. पुढच्या स्थानकाच्या मास्तरांशी घंटेच्या ठोक्यांनी बोलणे झाले, त्यांनी मुभा दिली, की त्या यंत्रातून एक लोखंडी गोळा घरंगळत बाहेर येई. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, आणि ते कडे हातात उंच धरून पॉइंट्समन फलाटाच्या टोकाशी उभा. इंजिनावरचा माणूस जुने कडे खाली टाकी आणि वाकून नवे कडे खांद्यापर्यंत हातात ओवून घेई. तो गोळा ज्याच्याजवळ नाही त्याने पुढच्या टप्प्यात पाऊल टाकायचे नाही, असा निर्बंध. दोन गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून मनुष्याने पत्करलेली ही शिस्त मला तेव्हाही फार सुंदर वाटे, आणि आजही वाटते. गाडी उभी असेपर्यंत माणसे खाली उतरून कडुनिंबाच्या सावलीत बसत, बायका नळावर लोटे भरून घेत, आणि पुठ्ठ्याचे जाड तिकीट शर्टाच्या खिशात आहे ना हे दर दहा मिनिटांनी चाचपून पाहिले जाई.

डब्यात शिरताच भाषा कळत असे. सुरतेहून बारडोलीपर्यंत गुजराती, व्यारा-सोनगडपाशी चौधरी, गामित बांधवांच्या बोली, नवापूरपुढे भिल्लांच्या बोली आणि मराठी, आणि नंदुरबार गेले की सगळीकडे अहिराणी. "बठा भाऊ, जागा शे," असे म्हणून तिघांच्या बाकावर पाचवा माणूस बसवून घेतला जाई, आणि सहावा आला तरी जागा 'शे' च असे. वैशाखात आखाजी आली म्हणजे सासुरवाशिणी माहेरास निघत. त्या आठवड्यात या गाडीचे डबे बांगड्यांच्या आवाजाने भरून जात. श्रावणात कानबाई बसविण्यासाठी घरचा कर्ता पुरुष गावी गेलाच पाहिजे. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या रथास, सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेस दोंडाईचापर्यंत, अशी वर्षाची सर्व तिथीवार वर्दळ या एका गाडीवर पडे. परतताना बाकाखाली दादर ज्वारीची पोती असत, नंदुरबारच्या मिरचीचा ठसका असे, बिबड्यांचे डबे असत आणि भरिताची हिरवी वांगी असत, ज्यांची सर येथल्या बाजारातल्या वांग्यांना येत नाही हे मी सुरतेवरील माझ्या सर्व प्रेमासह म्हणतो. जाताना मात्र सुरतेची घारी, नानखटाई आणि हिवाळा असेल तर पोंक.

हे सर्व मी केवळ रम्य म्हणून सांगत नाही. 1972 च्या दुष्काळाने खानदेशचा शेतकरी मोडला. पुढे तेथल्या कापडगिरण्या एकामागून एक थंडावल्या. आणि त्याच सुमारास सुरतेत मागांचा, छपाईचा आणि रंगाईचा धंदा वाढू लागला. धुळे, जळगाव आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यांतून माणसे या गाडीने आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, गोडादरा येथे राहिली. ती कायमची आली असे मात्र म्हणता येत नाही, आणि येथेच पासिंजर गाडीचे खरे महत्त्व आहे. तिकीट स्वस्त, आरक्षणाची गरज नाही, आणि गाडी प्रत्येक गावच्या वेशीपाशी थांबणारी. म्हणून मागावर बारा तास उभा राहणारा कामगार शनिवारी रात्री निघून रविवारी आईला भेटून येऊ शकत असे. पेरणीस जाऊ शकत असे. मयतीस पोहोचू शकत असे. मुंबईत गेलेल्या कोकणी गिरणी-कामगाराच्या वाट्यास हे सुख आले नव्हते. त्यास बोटीची वा एस.टी.ची वाट पाहावी लागे आणि गाव वर्षातून एकदा दिसे. खानदेशचा माणूस सुरतेत राहूनही खानदेशचा राहिला, त्याची अहिराणी दुसऱ्या पिढीतही टिकली, नगरपालिकेच्या मराठी शाळांत मुले येत राहिली, याचे श्रेय मी त्या थांब्यांना देतो. मेलगाडीने माणूस शहरात येतो. पासिंजरने तो परतही जाऊ शकतो.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली, आणि सीमा नवापूरच्या फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि एका बाकाचा अर्धा भाग इकडे तर अर्धा तिकडे. पूर्वी हे धुळे आणि सुरत जिल्ह्यांचे सांधे होते. 1998 साली नंदुरबार आणि 2007 साली तापी जिल्हा झाला तेव्हा फलाटाच्या दोन्ही टोकांचे जिल्हे बदलले, फलाट तोच राहिला. ध्वनिक्षेपकावरून मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत सूचना होतात. लोक त्या बाकावर बसून छायाचित्रे काढून घेतात, आणि ते मला आवडते. कारण सीमेवरून एवढे वाद झाले असताना ज्या ठिकाणी ती प्रत्यक्ष आखली आहे तेथे माणसे शेंगा खात गाडीची वाट पाहत बसलेली आहेत.

फ्लाइंग राणीविषयी न बोलता मी खाली बसलो तर ही सभा मला क्षमा करणार नाही. 1937 साली मुंबई सेंट्रल ते सुरत अशी ती सुरू झाली, महायुद्धात बंद पडली, 1950 साली पुन्हा धावू लागली आणि पहाटे निघून संध्याकाळी परतणाऱ्या दोन पिढ्यांचे घड्याळ झाली. 1979 च्या डिसेंबरात तिला दुमजली डबे लागले. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या खिडकीशी बसले की डोळे फलाटाच्या पातळीस येत, आणि स्थानक आले म्हणजे प्रथम दिसत असत ती माणसांची पायताणे: व्यापाऱ्यांचे बूट, कोळणींची अनवाणी पावले, हमालांच्या टायरच्या वहाणा. पालघरपासून सुरतेपर्यंतचा सर्व समाज गुडघ्यापर्यंत ओळखता येई. 2023 च्या जुलैत हे डबे काढून नव्या पद्धतीचे डबे आले. नवे डबे अधिक सुरक्षित आहेत हे मी जाणतो आणि त्याबद्दल तक्रार करीत नाही; परंतु त्या खालच्या मजल्याची आठवण मला आहे आणि ती राहणार.

सुरतेच्या स्थानकाचे मी पाहिलेले सर्वांत दारुण रूप 1994 च्या सप्टेंबरातले. प्लेगची वार्ता पसरली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या नाहीशा झाल्या. नाकातोंडावर रुमाल बांधलेली माणसे जिन्यावर, पुलावर, रुळांवर उभी होती, आणि आवाज मात्र अगदी थोडा होता, कारण कोणी तोंड उघडावयास धजत नव्हते. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत माणसे शिरली ती खिडक्यांतून. गावोगावी उतरणाऱ्या या लोकांना दारात घेतील की नाही याची धास्ती त्यांच्या डोळ्यांत होती. बहुतेकांना घेतले गेले. आणि काही आठवड्यांनी हीच माणसे त्याच गाडीने परत आली, आणि माग पुन्हा सुरू झाले. शहर स्वच्छ झाले त्याचे यश प्रशासनास मिळाले, ते योग्यच. परंतु भरलेल्या ताटावरून उठून गेलेल्या कामगाराने पुन्हा या शहरावर विश्वास टाकला, ही गोष्ट कोठे नोंदली गेल्याचे मी पाहिले नाही.

आता चालू काळाकडे येतो. सुमारे 307 किलोमीटरचा उधना-जळगाव मार्ग 2018 साली संपूर्ण दुहेरी आणि विजेचा झाला. लोखंडी गोळा गेला, बाजूच्या रुळावरचे तिष्ठणे कमी झाले, आणि ही प्रगती मला मनापासून प्रिय आहे. 2020 च्या महामारीत पासिंजर गाड्या बंद झाल्या. नंतर त्या 'स्पेशल' वा 'एक्स्प्रेस' या नावाने परतल्या आणि दहा रुपयांच्या किमान तिकिटास तीस रुपये पडू लागले. 2024 च्या फेब्रुवारीत जुने दर पुन्हा लागू झाले ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या चार वर्षांत मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाने गावाच्या किती खेपा टाळल्या असतील याचा हिशेब कोणत्याही खात्याने ठेवलेला नाही. सुरतेच्या स्थानकाच्या जागी आज भव्य नवी वास्तू उभी राहत आहे, आणि त्या कामासाठी कित्येक गाड्यांचे थांबे उधन्यास हलवावे लागले. खानदेशी माणसास उधना परके नाही, त्याचे घर तेथूनच जवळ. तरी 1860 पासून चालत आलेल्या जागेचे रूप पालटत असताना या वाटेची स्मृती तिच्यात राहावी असे मला वाटते.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली रेल्वेच्या अधिकाऱ्यांस: नव्या इमारतीत जेथे जुन्या सुरतेची चित्रे लावली जातील तेथे ताप्ती व्हॅली रेल्वेचाही एक नकाशा असावा, आणि त्यावर उधन्यापासून जळगावापर्यंतचे प्रत्येक स्थानक, जेथे आता मोठी गाडी थांबत नाही तेही, नावानिशी लिहिलेले असावे. दुसरी आपणांस: आपल्या घरी वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेत पुठ्ठ्याची जुनी तिकिटे, पास, रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या नेमणुकीचे हुकूम, फलाटावर काढलेली छायाचित्रे असतील, आणि ज्यांच्या घरी कागद नाहीत त्यांच्या घरी म्हाताऱ्या आहेत; त्या पहिल्यांदा कोणत्या साली, कोणाबरोबर, कोणते गाठोडे घेऊन या गाडीतून उतरल्या ते त्यांस स्पष्ट आठवते. कागद व्याख्यानमालेच्या चालकांकडे आणून द्यावेत, त्यांच्या नकला करून मूळ कागद परत करण्याची व्यवस्था त्यांनी पत्करली आहे. आणि त्या म्हाताऱ्यांचे बोलणे येत्या आखाजीच्या आत, त्यांच्याच अहिराणीत, कोणीतरी तरुणाने उतरवून घ्यावे.